दोर सोडण्याआधी

मागच्या फाळक्यावर पाय देऊन चंदा ट्रकमध्ये चढली, तेव्हा हेमला मुकादमाला कोण आनंद झाला! गेल्या साली कोकणातल्या खाडीत तिचा नवरा बादल बुडाला, तेव्हापासून तांडा मुकादमाकडे तिरक्या नजरेनं बघत होता. आता खुद्द चंदाच पुन्हा तिकडे कामाला निघाली म्हटल्यावर बाकीचे झक मारत येतील, असं त्याला वाटलं होतं. आणि आले की! मंदिरासमोरच्या ट्रकमध्ये अर्धा तांडा गाठोडी-घागरी घेऊन बसला होता.

चंदा कोपऱ्यात बसली. तिच्या पोटात काय शिजत होतं, ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. वर्षभर तिनं हेमलाला रामराम घातला, त्याच्या बायकोशी गोड बोलली. आतून जळत होती, पण धूर दिसू दिला नाही.

जऊळक्याकडच्या या माळावर पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर टँकरचं. दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी तांड्यानं पहिल्यांदा कोकणातच पाहिलं. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडायचा. होडीनं तिथं जायचं, टोपल्यांनी वाळू भरायची आणि भरती चढायच्या आत परतायचं. होडी हाकायला एक म्हातारा तांडेल होता. त्याच्या पणज्याची गलबतं म्हणे कौलं आणि नारळ घेऊन पार गुजरातेत जायची. आता त्याच्या बंदरात गाळ साचलेला आणि म्हातारा वाळू वाहणारा. पण रुबाब गलबताचाच. अष्टमीला पाणी आळशी असतं, अमावास्येला उधाण येतं, हे त्यानंच चंदाला शिकवलं. एक नेम मात्र तो कधी मोडत नसे. दोर सोडण्याआधी प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची, आणि सगळ्यांची ओ आली तरच होडी हलवायची. बापजाद्यांची रीत आहे, म्हणायचा. माणूस मागे टाकून येणाऱ्याला आमच्या बंदरात कुणी पाणी विचारत नाही.

त्या अमावास्येला म्हातारा तापानं पडला आणि होडी हेमलानं नेली. चंदा काठावर भाकरी थापत होती. होडी परत आली, तिच्यात बादल नव्हता. विचारलं तर हेमला म्हणाला, मागच्या होडीनं येतोय. मागे होडीच नव्हती. चंदा ओरडत राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत पट्टा पाण्याखाली गेला. पुढे तांड्यात येऊन हेमलानं सांगितलं, की बादल पिऊन पडला होता, नाव घेऊन हाक मारली तरी त्यानं ओ दिली नाही. थेंबाला न शिवणारा माणूस, त्याला मेल्यावर दारुडा केला! माणूस बुडवला तो बुडवला, वर त्याचं नावही बुडवलं. हे चंदा सात जन्मांत विसरणार नव्हती.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, तशी ती उभी राहिली.

"थांबा जरासं. तांडेलाची रीत हाय. नावं घेतल्याबिगर निंघाचं नाई."

फाळक्याची साखळी लावता लावता हेमला हसला. असू दे बाईची हौस, असं ड्रायव्हरला म्हणाला. चंदा एकेकाचं नाव घेऊ लागली. ललिताबाईनं ओ दिली, मग तिच्या सुनेनं, मग बाकीच्यांनी. बादलचा धाकटा भाऊ खेमा, त्यानं खाली मान घालून ओ दिली. सगळी नावं संपली.

"बादल!"

इंजिन तेवढं घरघरत होतं.

"बादल!"

"डोक्स फिरलं काय वं तुयं?" हेमला म्हणाला. "मेलेला मानूस ओ देते काय? जित्ता होता तवा हाक मारली, तवाच देल्ली नाई त्यानं. या मंदिराम्होरं सांगतो."

चंदानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खेमाकडे बघत होती. परतलेल्या त्या होडीत हेमलाखेरीज तांड्यातला तो एकटाच होता, बाकीचे परमुलखातले. आणि वर्षभर तो वहिनीची नजर चुकवत होता. देवळासमोर, तांड्यासमोर खेमाला असा बसवायलाच तिनं हेमलाला एवढे रामराम घातले होते. तिनं पुन्हा हाक मारली. या खेपेला हळूच, घरात मारायची तशी.

खेमा उठला.

"ओ कायची देईन तो, वयनी? हाक कोनी मारलीच नाई. मुकादमानंच त्याले टोपल्या आनाले तिकडच्या टोकाले धाडलं होतं. पानी चढलं तवा दादानंच आमाले हाक मारली. म्या ओ देल्ली, अन् मुकादमानं दोर सोडून देल्ला."

ललिताबाई गाठोडं आणि भरली घागर उचलून फाळक्यापाशी आली आणि साखळी सोड म्हणाली. हेमलानं साखळी सोडली. ती उतरली, मागोमाग सून उतरली, मग सगळेच उतरू लागले. हेमला देवळाच्या ओट्यावर मटकन बसला. त्यानं ललिताबाईकडे घोटभर पाणी मागितलं. तिनं घागर त्याच्यासमोर मातीत ओतली आणि घराकडे चालू लागली.

चंदाचं काळीज थंड झालं, खोटं कशाला बोला! खेमानं उतरायला हात पुढे केला. तो हात तिनं धरला नाही, आपली आपण उतरली.

सगळे उतरले तरी ती फाळक्यापाशीच थांबली. वाकून तिनं ट्रकमध्ये या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. आत कुणी राहिलं नव्हतं. मग तिनं फाळका लावला, साखळी अडकवली आणि ड्रायव्हरला जा म्हणून हात केला.