पडद्यावरची टिंबं

"काका, तुमचा पीसी एक अठरा म्हणतोय आणि माझा एक एकवीस. दोघांपैकी एक जण थापा मारतोय," नवी इंजिनिअर हसत म्हणाली.

टिंबकाका हसले नाहीत.

त्या प्रयोगशाळेत लिफ्टचे ब्रेक तपासत. चाक पूर्ण वेगात फिरवायचं, ब्रेक लावायचा आणि चाक थांबायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एक पूर्णांक वीसपर्यंत पास, त्यापुढे नापास. गेली सव्वीस वर्षं हे मोजत होता कोपऱ्यातला पिवळट पडलेला पीसी, आणि त्यातला प्रोग्राम काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला. शुक्रवारी काका निवृत्त होणार होते आणि पीसीही; दोघांनाही एकदमच निरोप होता. नव्या मशीनला आठवडाभर जुन्याशेजारी बसवून आकडे जुळवायचे, एवढंच काम उरलं होतं.

"नवं मशीन अजून सेट झालं नसेल," साहेब दारातूनच म्हणाले. "काकांच्या हातून आजवर एक रीडिंग सुटलेलं नाही. तुझंच तपास."

"बरं साहेब," म्हणून ती बिचारी कामाला लागली. काकांनी मात्र खणातून प्रोग्रामची जुनी छापील प्रत काढली आणि चष्मा पुसून खिडकीशी जाऊन बसले.

सेकंदाला हजार वेळा घड्याळ पीसीच्या दारावर टकटक करी. टकटक झाली की पीसीनं हातातलं काम टाकून काकांच्या तीस ओळींच्या इंटरप्ट रूटीनमध्ये शिरायचं, रीडिंग उचलायचं, ठेवायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. शेवटी रीडिंगं मोजली की वेळ कळली. हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला काकांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. "आत जाऊन गप्पा मारत बसायचं नाही. तू आत रमलास की बाहेरची टकटक वाया गेली. ती पुन्हा येत नाही." बोलताना एवढी करडी मुद्रा की मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करत.

आणि सतराव्या ओळीवर ते होतं. पडद्यावर एक टिंब काढायची आज्ञा. रूटीनच्या आत.

सगळं आठवलं. पाहुणे येणार होते. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "अहो, पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर मशीन काम करतंय हे पाहुण्यांना कसं कळणार?" काकांच्या जिवावर आलं होतं, पण आजच्यापुरतं म्हणून त्यांनी ती ओळ घातली. पाहुणे खूश झाले. त्यांना वाटेला लावून ओळ काढायला काका बसले, एवढ्यात दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली होती. काका तसेच धावत सुटले. चार दिवसांनी पेढे घेऊन कामावर आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते आणि ओळ डोक्यातून साफ गेलेली. पुढे त्या धावत्या टिंबांवरूनच पोरांनी त्यांचं बारसं केलं आणि त्यांनाही ते नाव आवडायला लागलं.

एका ओळीत ऐंशी टिंबं मावत. ओळ भरली की अख्खा पडदा वर सरके आणि तेवढ्यात दोनेक टकटका हुकत. एका चाचणीत चौदा-पंधरा वेळा. म्हणजे जवळजवळ तीस. दरवर्षी घड्याळाची तपासणी होई आणि ते बरोबरच निघे. मोजणाराच मध्ये डुलक्या घेतोय, हे कोण तपासणार? ब्रेक होते त्याहून चांगले दिसत राहिले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, शुक्रवारी मी बोलणारे हं. ऐका ना सुरुवात. 'माझ्या बाबांच्या हातून एकही रीडिंग सुटलं नाही...'"

काकांची नजर मांडीवरच्या छापील प्रतीवर गेली. कागदाचे दोन तुकडे करून टोपलीत टाकला असता तर प्रश्नच मिटत होता. पीसी सोमवारी भंगारात जाणार होता. नव्या मशीनवर खापर फुटलं असतं, ती पोरगी चार दिवस डोकं धरून बसली असती, आणि त्यांना हारतुरे मिळाले असते. मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला.

"बाबा? ऐकताय ना?"

"तेवढं वाक्य काढून टाक, बाळा."

"का? सगळे तर तेच म्हणतात."

"सुटलीयत. बरीच सुटलीयत."

फोन ठेवून ते साहेबांच्या खोलीत गेले आणि कागद टेबलावर पसरला. साहेबांचा चेहरा उतरला. "काका, तीन दिवस राहिलेत तुमचे. कुठे काही अपघात झाल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

"नाही ऐकलं. ऐकायची वाट बघायची का, साहेब?"

सगळी दप्तरं उपसली गेली. काठावर पास झालेले एक्केचाळीस ब्रेक निघाले. शुक्रवारचा समारंभ कोणी रद्द केला नाही, पण कोणी भरवलाही नाही. मुलीनं भाषणाचा कागद पर्समध्ये तसाच ठेवला.

सोमवारी सकाळी पहिला ब्रेक फेरतपासणीसाठी परत आला. निवृत्त माणसाला गेटवर कोणी अडवलं नाही. काकांनी ती ओळ काढलेला प्रोग्राम भंगाराला निघालेल्या जुन्या पीसीत घातला. शेजारी नव्या मशीनपाशी ती इंजिनिअर उभी राहिली. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

चाक वेगात आलं. ब्रेक लागला. पडद्यावर काहीच हललं नाही. चाक थांबेपर्यंत काका त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले.

"एक एकवीस," ती हळूच म्हणाली. "तुमचं, काका?"

"एक एकवीस."

त्यांनी पेन उघडलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर आलेला आकडा रकान्यात लिहिला आणि त्यापुढे सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, नापास.