तेजोबाबांचं कडं

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर उंच आसनावर तेजोबाबा बसले होते आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर प्रकाशाचं भलंमोठं कडं निळसर चमकत होतं. भक्ताने बाबांपुढच्या काचेवर तळहात टेकवायचा आणि गप्प उभं राहायचं. कडं लाल झालं तर अंगात दोष. हिरवं झालं तर दोष गेला. निळंच राहिलं तर पुन्हा या.

"डॉक्टर तुझं रक्त बघतो!" बाबा गरजले. "आम्ही रक्ताच्या आतला उजेड बघतो!"

पाठदुखीने वाकलेल्या एका शिंप्याने हात ठेवला. बाबांनी दाढीवरून हात फिरवला. कडं लालभडक झालं. शिंपी मटकन खालीच बसला आणि गर्दीने हात जोडले.

रांगेत धाकट्या बहिणीमागे उभ्या असलेल्या बाई हे बघत होत्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. इथे आल्या होत्या त्या केवळ भाचीसाठी.

भाचीला फिट यायची. रोजच्या गोळीने ती आटोक्यात होती. मागच्या बैठकीला आईने, म्हणजे या धाकटीनेच, तिला इथे आणलं, कडं हिरवं झालं आणि त्याच संध्याकाळी गोळ्या गटारात गेल्या. मग एका सकाळी दूध तापवताना पोर शेगडीवरच कोसळली. उजवा हात पार भाजला. आता इस्पितळात डॉक्टर गोळी सुरू करायची म्हणत होते आणि आई हटून बसली होती. बाबांना विचारल्याशिवाय नाही.

"ताई, त्या दिवशी तू नव्हतीस," धाकटी कुजबुजली. "बाबा म्हणाले, 'घोर दोष!' आणि बघते तर कडं हिरवंगार! लोक ओरडले, तेव्हा कुठे बाबांनी मागे वळून पाहिलं. म्हणाले, 'आमचंही न ऐकता प्रकाशाने हिला सोडवलं.' याहून मोठा चमत्कार कुठला?"

"कडं नेहमीचंच होतं का गं?"

"छे! जुनं मध्येच विझलं होतं. नवं बसवलं आणि पहिला मान आपल्या पोरीला!"

बाईंना आपला वर्ग आठवला. मुलांनी अशाच रंगीत दिव्यांची पट्टी संगणकाला जोडली होती. लाल सांगितलं की हिरवं लागायचं, हिरवं सांगितलं की लाल. निळं तेवढं बरोबर. पोरं पोट धरधरून हसली होती. आज बाईंनी धाकटीचा दंड धरला.

"अगं, त्याने लाल दाबलं होतं."

"कोणी? काहीतरीच काय!"

तेवढ्यात धाकटीची पाळी आली. तिने पोरीचं सगळं सांगितलं.

"कृपा होऊनही पोर आजारी?" बाबांनी भुवया उंचावल्या. "तुझाच विश्वास डळमळला असणार!"

"बाबा, गोळी देऊ का हो तिला?" ती रडतच म्हणाली.

"हात ठेव. प्रकाश सांगेल."

बाबांचा हात दाढीकडे गेला. सगळ्यांचे डोळे कड्यावर होते. बाई मात्र भिंत बघत होत्या. कड्यातून निघालेली एक बारीक तार, भिंतीचाच रंग फासलेली, कोपऱ्यातल्या पडद्यामागे जात होती. बाई तरातरा गेल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

मागे एक सेवक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा असे तीन चौकोन. त्याचं बोट हिरव्यावर होतं. भिंतीवर कडं लाल झालं होतं.

"ओ बाई, इकडे यायचं नसतं!"

"हिरवं दाबून लाल कसं लावता हो?"

"नव्या कड्यात उलटंच येतं ते," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"हात काढ गं काचेवरून," बाई म्हणाल्या आणि त्यांनीच चौकोन दाबले. लाल दाबलं, कडं हिरवं. हिरवं दाबलं, कडं लाल. निळं दाबलं, निळं. काचेवर कोणाचाही हात नव्हता. बाईंनी पुढे येऊन काच उचलून दाखवली. खाली एक तारसुद्धा नव्हती.

बाई वर्गात बोलतात तशा बोलू लागल्या. "संगणकात ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो. निरोप्याच समजा. चौकोन दाबला की तो रंगांचे आकडे या तारेतून पाठवतो. कड्यातला पहिला छोटा दिवा आपले आकडे ठेवून घेतो, उरलेले पुढच्याला देतो. काही दिव्यांना आधी लालचा आकडा लागतो, काहींना आधी हिरव्याचा. नवं कडं दुसऱ्या प्रकारचं आलं आणि ते ड्रायव्हरला कोणी कळवलंच नाही. एवढंच."

धाकटी सेवकासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या पोरीच्या वेळी काय दाबलं होतंस?"

त्याने बाबांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "लाल. बाबांनी दाढीला हात लावला की लाल. म्हणजे माणसं परत परत येतात."

"म्हणजे तुमच्या खोट्यातसुद्धा माझी पोर आजारीच होती!"

बाबा सावरले. "यंत्र उलटं असेल! श्रद्धा सुलटी असली की झालं!"

कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कोणीतरी. मघाचा शिंपी रांगेत पुढे सरकत म्हणाला, "बाई, तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा. माझं ते लाल होतं की हिरवं, तेवढं बाबांना विचारू द्या."

धाकटीने बहिणीचा हात धरला आणि मागे न बघता ती इस्पितळात आली. डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "गोळी द्या."

फिट पुन्हा आटोक्यात आली. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. बाबांची पुढची बैठकही भरली. कड्याचे रंग आता बरोबर येत होते आणि गर्दी कमी झाली नव्हती.

भाची शाळेत, बाईंच्याच वर्गात परतली, त्या दिवशी बाईंनी मुलांची रांग केली आणि पहिल्या मुलीच्या हाती रंगीत पत्त्यांचा गठ्ठा दिला. "तुम्ही दिवे. वरचा पत्ता आपला, उरलेले पुढे." पहिली मुलगी भाचीच होती. तिने डाव्या हाताने गठ्ठा धरला, उजव्या कोपराने वरचा पत्ता छातीशी दाबला आणि उरलेले पुढे दिले.

"बाई, दिवा खोटं बोलला होता का?" भाचीने विचारलं.

"नाही बाळा. दिव्याला खोटं बोलता येत नाही, खरंही नाही. त्याला सांगतील तसा तो लागतो. चमत्कार दिसला की आधी तार शोधा. ती कुठे जाते ते बघा. दुसऱ्या टोकाला कोणाचं बोट आहे ते मोठ्याने विचारा. आणि कुठला दिवा काहीही दाखवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. घरी जाऊन आपल्या आईवडलांनाही सांगा."