काचेआडच्या ताई

साबणाच्या कारखान्यात ताईंना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा 'ताई'च म्हणायची, आणि मोठे साहेबही. वड्यांचं खातं त्यांच्याकडे. शिजलेला साबण साच्यात ओतला, की थंड होऊन त्याची लादी व्हायची. ताई लादीवर अंगठा दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "काप." त्या म्हणाल्याशिवाय कापायच्या तारेला कुणी हात लावत नसे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते कारखानाप्रमुख निवृत्त व्हायला निघाले तेव्हा. त्या खुर्चीवर ताईंचा डोळा होता, आणि का नसावा? सगळी हयात साबणात गेली होती, अंगाचा वास आता घरी अंघोळ करूनही जात नव्हता. प्रमुखांच्याही वरचे मोठे साहेब म्हणाले, "ताई, खुर्ची तुमचीच आहे. फक्त वरच्या जागेला लागतात ते गुण जरा अंगी बाणवा." ते बाणवून घ्यायला त्यांनी एक प्रशिक्षक बाई आणली.

बाई वयाने लहान, बोलायला गोड, आणि कधीच न चिडणारी. ताईंना सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. तिने एक दिवस खात्यात उभं राहून सगळं पाहिलं आणि विचारलं, "ताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर लादी कधी कापायची हे कोण ठरवणार?"

"मी आजारी पडत नाही," ताई म्हणाल्या.

बाई नुसती हसली. मग ठरलं ते असं, की ताईंनी माडीवरच्या काचेच्या खोलीत बसायचं. लादीला अंगठा लावायचा नाही. कुणी विचारायला आलं तर उत्तर न देता उलट विचारायचं, "तुला काय वाटतं?" लोकांना ठरवू द्यायचं, चुकू द्यायचं.

त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांनी ताईंना जिन्यात गाठलं. "ताई, या दिवसांत माल बिघडता कामा नये हं. सगळ्यांचं लक्ष आहे तुमच्याकडे."

चुकू द्यायचं, पण बिघडू द्यायचं नाही. आता हे कसं जमवायचं? ताईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईलाच धरलं. "नेमकं काय करू ते एकदा सरळ सांगून टाका ना."

"तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाली.

ताईंनी मनातल्या मनात तिला काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण सवय वाईट असते. ती घरीही आली. नवरा शिंपी, साधा माणूस. जेवताना म्हणाला, "आज भाजीत मीठ कमी पडलंय का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. "माझं काही चुकलं का?"

मग ताईंनी त्याला सगळं सांगितलं. हात काढून घ्या म्हणतात आणि हातचं जाऊ देऊ नका म्हणतात, माणसाने करावं तरी काय! नवरा बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग अर्धा हात काढ." ताई हसल्या, पण त्यांना रडूही येत होतं.

खात्यात त्यांच्या हाताखाली जो होता त्याला सगळे बगळा म्हणायचे. उंच, लांब मानेचा, चाळिशीकडे झुकलेला, दोन मुलींचा बाप. आजवर 'ताई, बघता का?' यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. सुरुवातीला तो दर तासाला माडीवर धावत यायचा, प्रश्न घेऊन यायचा आणि प्रश्नच घेऊन परत जायचा. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग त्याच्या खेपा कमी झाल्या. तो स्वतःच लादीवर अंगठा दाबू लागला, स्वतःच 'कापा' म्हणू लागला, आणि वड्या ठीक निघू लागल्या. ताई काचेतून बघायच्या. बरं वाटायचं आणि आत कुठेतरी लागायचंही, दोन्ही एकदम. त्याचं काय करायचं हे बाईने शिकवलं नव्हतं.

अशात एका मोठ्या हॉटेलाची मागणी आली. साबण नवा, तेल जास्त, घट्ट व्हायला वेळ घेणारा. बगळ्याने लादीवर अंगठा दाबला, घुटमळला, आणि मान वर करून काचेकडे पाहिलं.

ताईंना तिथूनही दिसत होतं, की लादी अजून चमकते आहे. चमकते म्हणजे आतून ओली. 'थांब' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. पण शेजारी बाई बसली होती आणि लादी सोडून ताईंकडेच बघत होती. ताईंना वाटलं, हीच ती परीक्षा. त्यांनी शब्द गिळला आणि बगळ्याकडे बघून मान डोलावली. तू ठरव, असं त्यांना म्हणायचं होतं. निदान त्यांनी स्वतःची तशी समजूत घातली.

बगळ्याने तार ओढायला सांगितली.

आठवड्याच्या आत वड्या सुकून वाकल्या, खोबऱ्याच्या कातळ्यांसारख्या. हॉटेलने सगळी खोकी परत पाठवली. मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली आणि बसता बसताच विचारलं, "लादी ओली असताना कापायचं कुणी ठरवलं?"

बगळा उठून उभा राहिला.

"मी, साहेब. ताई खाली आल्याच नव्हत्या. हा साबण वेळ घेतो हे मला कळायला हवं होतं. पुढच्या खेपेला मी आधी एक छोटी लादी कापून, सुकवून बघणार आहे."

बोलून झाल्यावरही तो बसला नाही. त्या मान डोलावण्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. साहेब चिडले नाहीत. उलट बाईकडे बघून म्हणाले, "खात्यात जबाबदारी घेणारी माणसं तयार झाली म्हणायची." बाईचा चेहरा फुलला. ताईंना कळलं, खुर्ची आपल्याकडे सरकली आहे. आता फक्त अळीमिळी गुपचिळी करून बसायचं होतं.

ते मात्र त्यांना जमलं नाही.

"लादी चमकत होती," त्या म्हणाल्या. "मला वरून दिसलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली. त्याला बोल लावू नका, चूक माझी आहे."

"कळत असून गप्प बसलात?" साहेबांनी विचारलं.

"मला वाटलं, गप्प बसायलाच शिकवताहेत."

कुणीतरी खोकलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्रमुखाच्या जागेचं पुढच्या वर्षी बघू, ताई." बाईने मान खाली घातली.

खुर्ची गेली होती. तरी बाहेर येताना ताईंना हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांच्या गोंधळात एक गोष्ट तरी आपण सरळ केली. बगळा पुढे झपाझप चालला होता. त्यांनी त्याला हाक मारली.

"अरे, थांब जरा! तुझ्यावर आळ कसा येऊ देईन मी?"

तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?"

"अरे, पण मान मीच..."

"दिसली मला तुमची मान. मी ठरवायचंय, हे कळलं होतं मला. मी ठरवलं आणि चुकलो. मी चुकलो, ताई! आज पहिल्यांदा त्या खोलीत सगळे माझं ऐकत होते. पुढे काय करणार तेही मी सांगितलं. आणि तुम्ही उठलात, आणि मी परत तुमच्या खुणेवर नाचणारा झालो." त्याने बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्षं माझी कामं तुम्ही केलीत, ठीक आहे. आता माझी चूकही तुम्हीच करायची?"

तो निघून गेला. ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांना हुंदका फुटला. तो गेलेल्या खुर्चीसाठी होता की बगळ्यासाठी, हे त्यांना काही केल्या कळेना.