धनाजींचा हुंकार

रणगाडे हवेत लटकले होते. पडद्यावर खाली नदी वाहत होती, पुलाचा पत्ता नव्हता, आणि राजस्थानच्या केंद्रातले ते दोन रणगाडे निवांत पाण्यावरून चालले होते. तिकडच्या पडद्यावर पूल होता. इथं, वरव्याच्या केंद्रातल्या संगणकात तो अजून यायचा होता.

"काका, पूल आला नव्हता तर तुमी 'हां' का म्हणालात?" शेजारी बसलेल्या अश्विनीनं विचारलं.

"तयार हाय असं म्या कुठं म्हणालो? साहेब बोलत व्हते, म्या ऐकत व्हतो!"

धनाजी मरळ वेल्ह्याकडचे. फौजेत खरा रणगाडा हाकलेला, आता वरव्याच्या कंपनीत सरावाचे खोटे रणगाडे सांभाळायचे. तीन ठिकाणची केंद्रं जोडून एकच लढाई खेळायची, असा नवा घाट होता. बाकी सगळं यंत्रं करत. कोण तयार आहे तेवढं मात्र माणसानं सांगायचं. निवृत्तीनंतर गावात धनाजींना कुणी काही विचारेना. इथं हेडफोन लावला की "वरवे, वरवे" अशी हाक यायची आणि ते पुन्हा फौजी व्हायचे. त्या खुर्चीत त्यांचा जीव होता.

आता त्यांच्या मुलखाची रीतच अशी, की कुणी बोलत असलं तर मधूनमधून 'हां' म्हणायचं. नाहीतर बोलणारा चिडतो, "भिंतीशी बोलतोय का म्या?" राजस्थानचे साहेब लांबलचक सूचना देत होते, धनाजी इमानानं हां हां करत होते. त्यातल्याच एका 'हां'वर साहेबांनी लढाई सुरू केली.

केंद्र बघणाऱ्या माधुरी मॅडम स्वभावानं चांगल्या. "लाईन खराब होती असं कळवू का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मॅडम. लाईन बेस व्हती. चूक माझ्या तोंडाची, तसंच कळवा."

"मग यापुढं लाईनवर दोनच शब्द. 'तयार' आणि 'थांबा'."

"व्हय."

"बघा, काका!" मॅडमना हसू आलं, पण टिकलं नाही. "अश्विनीला बसवू या तिथं. तुम्ही आत जवानांना शिकवा."

धनाजींना फार लागलं. तरी त्यांनी स्वतःच्या हातानं हेडफोन अश्विनीच्या डोक्यावर नीट बसवला आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

दुपारी पुन्हा जोडणी झाली. साहेबांचा आवाज स्पीकरवरून खोलीभर ऐकू येत होता. सूचना लांबत चालल्या. अश्विनी ओठ घट्ट मिटून बसली होती. बोलता बोलता साहेब थबकले.

"वरवे, सुन रहे हो?"

अश्विनी गोंधळली. दोन शब्दांतला कुठलाच इथं बसेना. तिनं मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी कपाळाला हात लावला.

"वरवे? कोई है?"

"हां साहेब," दारातून धनाजी हळूच म्हणाले.

हेडफोन अश्विनीच्या डोक्यावर, तिथून तो आवाज साहेबांना कुठला ऐकू जाणार!