सगळ्यांचा डावा हात

आमच्या कोष्टीपुऱ्यात सुई घ्यायची ती डाव्या हातालाच. हुकूम कोणाचा नाही, रीत आहे. सुईनं दंड दोन दिवस धरतो, आणि मागावर धोट्याची दोरी उजव्या हातानं ओढावी लागते. उजवा गेला की माग गेला.

कॅन्सरसाठी माझं डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याला तीन वर्षं झाली होती. रोग गेला, डावा हात तेवढा सुजलेला राहिला. त्या हातातल्या बांगड्या काढल्या; हात पदराखाली ठेवायची सवय झाली. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले होते, या हाताला सुई टोचू देऊ नका. मी मान हलवली. तेव्हा मी कशालाही मान हलवत होते.

पुढे एका पावसाळ्यात वस्तीत हैजा, म्हणजे पटकी, आली. लसवाले घरोघरी फिरू लागले, मी दाराआड. डाव्याला मनाई म्हणजे मला सुईचीच मनाई, असा माझा हिशेब.

तेवढ्यात उमरेडहून विहीणबाईंचं कार्ड आलं. माझ्या लेकीचं, कौशल्याचं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. पण आईनं लस घेतल्याशिवाय पोरीला त्या वस्तीत पाठवणार नाही, असं लिहिलं होतं. मी कार्ड फळीवर ठेवलं आणि मागावर बसले. रडू आलं नाही. यायला पाहिजे होतं.

नगरपालिकेच्या नर्स यमुताई तिसऱ्यांदा आल्या, त्या सरळ आतच.

"तिले सुई चालत नाही," आमचे मालक नत्थूजी म्हणाले.

"कोण म्हणे?"

"मोठा डॉक्टर."

"काय म्हणे? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. त्यांनी दवाखान्याचा कागद मागितला. पेटीच्या तळाशी होता, इंग्रजीत.

"कोणी वाचून दाखवला?"

"कोणीच नाही."

"डाव्या हाताले सुई नको, इतकंच लिहिलं आहे. उजवा हात कोणाले देऊन टाकला का वं सखूबाई?"

"मागाले," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. बसल्या. मग मी हळूच विचारलं, "सुईनं आतलं झोपलेलं उठन तर?"

"कॅन्सर उठवाले या सुईत काही नाही. दंड दुखन, ताप येईन. तीन दिवसांत उतरला नाही तर मले बोलवा. लपून नका राहू."

तीन वर्षांत मला समजेल असं कोणी बोललं नव्हतं. मी उजवा हात पुढे केला.

माग दोन दिवस बंद होता. वस्तीत माग बंद म्हणजे कोणी तरी गेलं. शेजारच्या वच्छलाबाई रडका चेहरा करूनच आल्या.

"कोण गेलं वं?"

"कोणी नाही. सुई घेतली."

"उजव्याले? येडी झाली का?"

"डाव्याले मनाई आहे. तुले माहीत नव्हतं. मलेबी आताच माहीत झालं."

संध्याकाळी नत्थूजी उमरेडला कार्ड लिहायला बसले. माझा हात उचलवत नव्हता. त्यांनी लिहिलं, सुई झाली, पोरीला पाठवा.

"उजव्या हाताले, असं लिवा."

"त्यायले काय करायचं त्याचं?"

"तरी लिवा."

त्यांनी लिहिलं.