नामुलीच्या पेटीत काय होतं

नांतोंगोला आवडती मालिका विचारली की ती आधी नावडत्या सांगायची. त्या सांगून होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या गोमेसीला, आमच्या बायकांच्या त्या घोळदार झग्याला, दोन्ही बाह्या लागलेल्या असायच्या, खांद्यावर ताठ, टोकदार, रागावलेल्या कोंबडीच्या तुऱ्यासारख्या.

"ती डॉक्टरांची मालिका? सगळे डॉक्टर देखणे आणि एकही पेशंट खोकत नाही. आमच्या दवाखान्याच्या रांगेत उभं राहा म्हणावं एकदा." टाचणी ओठांत धरूनही तिला बोलता यायचे. "श्रीमंत घराण्याची? तिच्यात सासू दर आठवड्याला जिन्यावरून पडते. अरे मेल्यांनो, जिना तरी बदला, नाही तर सासू! आणि पोलिसांची म्हणशील तर तिथे पोलीस चोराला शोधत हिंडतात. आमच्या गल्लीत चोर दुपारच्या आत सापडतो, पोलीस सापडत नाहीत."

पुस्तकांचीही गत तीच. प्रेमकथा तिने पोत्याने वाचल्या होत्या आणि पोत्यानेच हिणवल्या होत्या. "नायिका पहिल्या पानावर बेशुद्ध, शेवटच्या पानावर लग्न. मध्ये शुद्धीवर आली असती तर केलंच नसतं."

मासाका शहराच्या उतरणीला न्येंडोचा बाजार, बाजारात शिंपिणींची ओळ, आणि त्या ओळीत सगळ्यात धारदार कात्री नांतोंगोची. जीभ तिच्याहून धारदार. पण एका मालिकेचे नाव निघाले की त्या जिभेला मध लागायचा. ती नामुलीची मालिका.

मालिका कुठल्याशा बर्फाच्या देशातली. तिथली भाषा न्येंडोत कोणालाच येत नव्हती, आणि कोणाचे अडतही नव्हते. बाजारामागच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये रविवारी दुपारी पडदा उजळायचा, आणि पडद्याशेजारच्या खुर्चीत सालोंगो मुगेर्वा माईक घेऊन बसायचा. जुळ्यांचा बाप म्हणून त्याला सगळे सालोंगो म्हणत. मालिकेचा आवाज बारीक करून तो तिची गोष्ट आमच्या भाषेत, लुगांडात, सांगायचा. हाच त्याचा धंदा. असे सांगणाऱ्याला आमच्याकडे व्हीजे म्हणतात. त्या गोऱ्या बाईचे नाव नामुली ठेवले ते त्यानेच. तिच्यावर हात टाकणाऱ्या नवऱ्याचे कायीवा, तेही त्यानेच. रंगात आला की त्याचे सांगणे आपसूक गाण्यात जायचे.

नामुलीने घर सोडले तो रविवार बाजार अजून विसरलेला नाही. पडद्यावर भुरभुर बर्फ, हातात पेटी घेतलेली एकटी बाई, आणि सालोंगोचा आवाज, जात्यातून पीठ झरावे तसा:

"नामुली निघाली, बर्फात उमटे पाऊल,
मागं वळून बघेना, घराला लागेना चाहूल.
नामुली निघाली, हातात पेटी जड,
पेटीत शिलाईयंत्र, तरी सोपा वाटे चढ."

शिलाईयंत्र म्हटल्याबरोबर बाकांवरच्या शिंपिणींनी जो हुंकार भरला, त्याने छताचा पत्रा थरथरला. नांतोंगो हुंकारली नाही. ती मनगटावरचा निळा वळ दुसऱ्या हाताने झाकून बसली होती. त्याच गुरुवारी ती नवऱ्याच्या, कावुकीच्या, घरातून निघाली. डोक्यावर स्वतःचे शिलाईयंत्र, आणि मागे वळून बघितले नाही.

घर सोडलेल्या बाईने माहेरी जाऊन बसावे, नवऱ्याने बकरा घेऊन यावे, आत्याने मध्यस्थी करून तिला परत पाठवावे, ही आमची रीत. नांतोंगोचे आईबाप कधीच गेलेले. तिने बाजारामागे खोली घेतली, आणि बकरा बांधायचा कोणाच्या अंगणात हा कावुकीपुढे प्रश्न पडला. शेवटी आत्याच दुकानात आली.

नांतोंगोने रीतीप्रमाणे जमिनीला गुडघे टेकून आत्याची विचारपूस केली: घर कसे, केळीची बाग कशी, कंबर कशी. बाई कितीही तिखट असो, भेटताना आणि निरोप घेताना गुडघे टेकतेच. जिभेला मात्र गुडघे नसतात.

"कोणाच्या शिकवणीवर निघालीस गं?" आत्या म्हणाली. "त्या पडद्यावरच्या गोऱ्या बाईच्या?"

"गोरी ती तुम्हाला. मला ती नामुली."

"आणि तुझी ती नामुली शेवटी नवऱ्याकडे परत गेली म्हणजे?"

"परत? नामुली?" नांतोंगो एवढी हसली की ओठांतली टाचणी पडली. "आत्या, तुम्ही जिन्यावरून पडणाऱ्या सासवा बघणाऱ्या. तुम्हाला आणखी काय सुचणार? ऐका गं सगळ्या जणी! नामुली परत गेली, तर त्याच रविवारी मीही जाते कावुकीकडे. हा आत्यासमोर दिलेला शब्द."

सगळी ओळ ऐकत होती. पायडल थांबले होते. आत्यासमोर, चार जणींच्या साक्षीने दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. आत्या समाधानाने उठली आणि जाताना म्हणाली, "बकरा तयार ठेवायला सांगते."

तोवर काही बिघडले नव्हते. बिघडले ते सालोंगोच्या घशात. आधी आवाज चिरला, मग खरवडला, मग नुसती हवा उरली. डॉक्टरांनी त्याचे बोलणेच बंद केले. त्याच्या खुर्चीत नवा तरुण बसला, व्हीजे करेक्ट. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे पळतात ती वाचून तो तेवढेच सांगायचा, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्याचा त्याला अभिमान होता.

"तो म्हणतो, चहा घे. ती म्हणते, नको," नांतोंगो त्याची नक्कल करायची. "हे सांगायला माईक कशाला? भिंतीवरची पाल सांगेल." करेक्टने नामुलीचे नावही काढून घेतले आणि तिला कुठलेसे लांबलचक परदेशी नाव दिले. बाया दर वेळी शेजारणीला विचारायच्या, "ही कोण गं?" आणि शेजारीण म्हणायची, "आपली नामुलीच, तो बावळट आहे."

शेवटचा भाग जवळ आला तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगात नांतोंगोला नामुली दिसली. मुखपृष्ठावर तेच बर्फ, तीच बाई, तीच पेटी. मालिका म्हणे याच पुस्तकावरून काढलेली. नांतोंगोने ते इंग्रजी पुस्तक मांडीवरच्या शिवणावर ठेवून वाचायला घेतले, आणि दर पानाला तिचे नाक वर जाऊ लागले.

"काय म्हणतंय?" शेजारच्या यंत्रावरून विचारणा झाली.

"लेखकाने आपल्या सालोंगोची गोष्ट ऐकलेली दिसते, पण मागच्या बाकावर बसून. अर्धी कळलीच नाही मेल्याला! पेटीत काय आहे म्हणतो? प्रेमपत्रं! जुनी प्रेमपत्रं घेऊन कोण घर सोडतं गं? ती खाणार काय, कागद?"

ओळ खदखदली. पण शेवटचे प्रकरण नांतोंगोने मोठ्याने वाचून दाखवले नाही. त्यात ती बाई बर्फातून परत येते, दारात नवऱ्यापुढे गुडघे टेकते, माझे चुकले म्हणते, आणि तो तिला आत घेतो. नांतोंगोने पुस्तक मिटले.

ती सालोंगोकडे गेली. तो फणसाच्या झाडाखाली चटईवर बसला होता, गळ्याला फडके गुंडाळून. तिने गुडघे टेकले, पण विचारपूस अर्ध्यातच टाकली.

"सालोंगो, तुम्ही खोटारडे आहात."

"कंबर विचारायची राहिली," तो कुजबुजला. सालोंगोचा आवाज म्हणजे आता वाळक्या केळीच्या पानांची सळसळ.

"ती परत जाते. पुस्तकात आहे. आणि पेटीत यंत्र नाही, कागद आहेत. तुम्हाला ती भाषा येत होती का, खरं सांगा."

"एक अक्षर नाही."

"आणि ती खालची इंग्रजी अक्षरं?"

"चष्मा फुटला त्याला जमाना झाला. मला ती मुंग्यांची रांग दिसते. जाताना दिसते, येताना दिसते. कुठे जाते ते कळत नाही."

"आणि तरी यंत्र म्हणालात!"

"पेटी उचलताना तिचा खांदा बघितलास? कसा खाली गेला? कागदाने खांदा असा खचत नाही."

"तुमच्या शब्दावर मी घर सोडलं, म्हाताऱ्या!"

सालोंगो हसला, हसण्यातून नुसती शिट्टी निघाली. "माझ्या? मी बोललो रविवारी. तू निघालीस गुरुवारी. मधले दिवस तुला कोण सांगत होतं?"

ती उठली, झग्याची धूळ झटकली.

"रविवारी या हॉलमध्ये."

"आवाज कुठे आहे मला?"

"नुसते या. बघायला तर येतं ना?"

त्या रविवारी, शेवटच्या भागाला, हॉलमध्ये मुंगी शिरेल एवढी जागा उरली नव्हती. नाकतोड्यांचा हंगाम होता. कागदाच्या पुड्यांतून तळलेले, कांदा घातलेले नाकतोडे बाकांवरून फिरत होते. पुढच्या बाकावर आत्या, ठेवणीतला गोमेसी नेसून, नांतोंगोनेच शिवलेला. दाराबाहेर खांबाला बांधलेला बकरा, आणि बकऱ्याशेजारी कावुकी, इस्त्रीच्या शर्टात. मागच्या बाकावर सालोंगो.

पडदा उजळला. टेकडीवरून एक बाई खाली येत होती, हातात तीच पेटी.

"ती घराजवळ येते," करेक्ट म्हणाला. "ती म्हणते, मी आले."

आत्याने मान वळवून नांतोंगोकडे पाहिले. तिच्या दातांत नाकतोडा कुरकुरला.

दार उघडले. दारात कायीवा, दाढी पिकलेला. बाईने पेटी पायरीवर ठेवली, आणि तिथेच, उंबऱ्यापाशी, बर्फात दोन्ही गुडघे टेकले.

"ती म्हणते, माझं..."

"थांब रे!" नांतोंगो उभी राहिली होती. "काय वाचून वाचून सांगतोस? एवढंही दिसत नाही तुला?"

"अहो ताई, खाली लिहिलंय..."

"लिहिणाऱ्याला शिवता येत नाही!"

हॉल हसला. व्हीजे चुकला की त्याला खाली बसवायचा हक्क बाकांचा असतो, हा या हॉलचा जुना नियम. "बोलू दे तिला!" मागून कोणी ओरडले, मग सगळीकडून. करेक्ट गोंधळला. तेवढ्यात सालोंगो भिंत धरत धरत पुढे आला, पडद्याचा आवाज बारीक केला, करेक्टच्या हातातला माईक काढून नांतोंगोच्या हाती दिला, आणि आपल्या जुन्या खुर्चीत तिला बसवून स्वतः जमिनीवर टेकला.

पडद्यावर नामुली अजून गुडघ्यांवर होती. पुस्तकात तिने काय म्हटले ते नांतोंगोला पाठ होते. तिने ते गिळले.

"गुडघे टेकले, म्हणून काय झालं?" ती म्हणाली. माईकमधून आपला आवाज ऐकून आधी दचकली, मग सावरली. "मी आत्यापुढे टेकत नाही का? कुठल्या चांगल्या घरची बाई गुडघे न टेकता निरोप घेते? मारकुटा असेल, पण दाढी पिकली त्याची. नामुलीला रीत आहे. पहिल्यांदा निघाली तेव्हा घाईत राहून गेलं होतं, ते आज पुरं करते आहे."

कायीवाने तिला उठवले. तिच्या खांद्यावर हात ठेवून आत नेले. दार लागले. आत्या हळूच कावुकीकडे बघायला वळली.

पडद्यावर उरले बंद दार, आणि पायरीवर पेटी. बर्फ पडत होता. पेटीकडे कोणाचे लक्ष नव्हते, मालिका काढणाऱ्यांचेसुद्धा. नांतोंगोने तेवढेच पाहिले.

"पेटी!" ती ओरडली. "पेटी बघा गं! बाहेर आहे! राहायला आलेली बाई आपलं यंत्र उघड्या बर्फात ठेवते? सकाळपर्यंत गंजून जाईल! सांगा, तुमच्यापैकी कोण ठेवील?"

शिंपिणींची अख्खी ओळ उसळली. "कोणी नाही! मेलं तरी नाही!"

"मग? आत गेली ती चहाला. घोटभर घेईल आणि निघेल." आणि मग तिच्या नकळत आवाज गाण्यात गेला:

"गुडघे टेकले नामुलीनं, निरोप घेते दारात,
पेटी उभी पायरीवर, नेली नाही घरात."

बाया दुसरी ओळ परत परत म्हणू लागल्या, टाळ्यांवर, बाकांवर हात मारत. सालोंगोचे ओठही हलत होते. त्यातून आवाज येत नव्हता, पण ताल चुकत नव्हता.

बाहेर ऊन मी म्हणत होते. आत्याने दारातच गाठले.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती आत गेली. शब्द दिला होतास तू."

"दिला होता. साक्षीला ह्या होत्या, त्यांनाच विचारा." नांतोंगो वळली. "काय गं, नामुली परत गेली का?"

"नाही गेली!" ओळीने उत्तर दिले, तोंडात नाकतोडे असलेल्यांनीसुद्धा.

आत्या ओळीकडे बघत राहिली. तिने स्वतःच्या खांद्यावरची ताठ बाही चाचपली, जणू टाके मोजत होती. "तो माईकवरचा मुलगाच बरा होता," ती शेवटी म्हणाली. "निदान लवकर संपवायचा." पण बकऱ्याचे तिने पुन्हा नाव काढले नाही.

नांतोंगो कावुकीसमोर गेली. लाल धुळीत तिने दोन्ही गुडघे टेकले आणि शांतपणे विचारले: आई कशी आहे, केळी कशी आहेत, बकरा चांगला दिसतो, काय घालता त्याला. कावुकीने पुढे केलेला हात तसाच राहिला. तो इथलाच होता. हे गुडघे कसले ते त्याला भाषांतर करून सांगावे लागले नाही. निघतेवेळी राहून गेले होते ते तिने असे पुरे केले, उठली, गुडघे झटकले आणि बाजाराकडे चालू लागली.

संध्याकाळी बाही लावून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने विचारले, "शेवट कसा होता गं?"

"मधला भाग रटाळ," नांतोंगो टाचणी ओठांत धरून म्हणाली. "नवऱ्याची दाढी खोटी. बर्फ तर साबणाचा फेस वाटत होता. एक पेटी तेवढी त्यांनी नीट जागी ठेवली होती." तिने पायडलवर पाय ठेवला. "तीही चुकून."