खिडकीतला पांढरा दगड

मेट्रनबाईंना दहापैकी नऊ गुण मिळाले आणि त्यांचा नुसता जळफळाट झाला.

कारण नऊ या आकड्याखेरीज कागदावर दुसरे काहीच नव्हते. शेरा नाही, खूण नाही, एखाद्या शब्दाखाली रेघसुद्धा नाही. शस्त्रक्रियागृहात आयुष्य काढलेल्या बाईला हे कसे पटावे? तिथे एकेक चिमटा आणि एकेक बोळा मोजून परत मिळेपर्यंत त्यांनी भल्याभल्या सर्जनांना टाके घालू दिले नव्हते. आणि इथे विद्यापीठात, जिथे माणसाने चुका काढून घ्यायलाच जायचे, तिथे त्यांचा कागद कोणी धड वाचलाही नव्हता.

‘दगडांची ओळख’ हा प्रौढांसाठीचा छोटा अभ्यासक्रम होता. दर शनिवारी दुपारी तास. मेट्रनबाईंनी त्यात नाव घातले ते एकाच गोष्टीवर डोळा ठेवून. पहिल्या भागाच्या शेवटी ज्यांना दहापैकी किमान सहा गुण मिळतील त्यांनाच दुसऱ्या भागात प्रवेश होता, आणि दुसरा भाग म्हणजे हातोडा घेऊन डोंगरातल्या खाणीत उतरणे. त्यांची सगळी नोकरी बिनखिडकीच्या खोलीत, दिव्याखाली झालेली. माणसाचे पोट आतून कसे दिसते हे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. डोंगराचे एकदा पाहायचे होते, गुडघे ऐकत होते तोवर.

सोबतीला सून होती. ती औषधांच्या दुकानात काम करी. आईला एकटे कसे पाठवायचे म्हणून मुलाने तिला गळ घातली, आणि थोड्याच दिवसांत तिलाही दगडांचे वेड लागले. मात्र वर्गात दोघी ठरवून दोन टोकांना बसत: सासू पहिल्या बाकावर, सून शेवटच्या.

परीक्षेची प्राध्यापकांची पद्धत अशी, की प्रत्येकाने एका दगडाचे वर्णन टाईप करून आणायचे, वर नावाऐवजी क्रमांक घालायचा आणि विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे कागद तपासायचे. मेट्रनबाईंच्या वाट्याला आलेल्या कागदावर लिहिले होते, ‘हा दगड काळा, जड आणि अतिशय देखणा आहे.’ त्यांनी हिरव्या शाईत विचारले, ‘जड कशापेक्षा? देखणा कोणाला? खिळ्याने ओरखडा काढून पाहिला का? रंगापलीकडे काहीही पाहिलेले नाही.’ आणि तीन गुण दिले.

कागद परत मिळाले त्या दिवशी तास सुटताच प्राध्यापकांनी त्यांना दाराशी गाठले. गृहस्थ त्यांच्या मुलापेक्षाही लहान.

“आजी, जरा बोलायचं होतं.”

“मी तुमची आजी नव्हे. बोला.”

“मॅडम, तुम्ही दिलेले ते तीन गुण... बाकी सगळ्यांनी एकमेकांना आठ-नऊ दिलेत हो. तुमच्यामुळे एकाच व्यक्तीची खाण हुकतेय. सहा करून टाकता का? सोमवारपर्यंत बदल चालतील.”

“ओरखडा काढून पाहिलाय त्या व्यक्तीने?”

“नसेल. पण इथे लोक हौसेने येतात.”

“हौसेने येतात म्हणून त्यांना फसवायचं?”

प्राध्यापकांना एकाएकी दुसऱ्या तासाची आठवण झाली.

घरी पोहोचताच सून थेट स्वयंपाकघरात शिरली. पातेले आदळले, मागोमाग झाकण.

“भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?” मेट्रनबाईंनी विचारले.

“भांड्यांनी नाही, आई. हिरव्या शाईने.”

मेट्रनबाईंच्या हातातली बशी हातातच राहिली. “तो काळा दगड तुझा?”

“माझा. म्हणे, देखणा कोणाला! मला वाटला देखणा, मला!”

“तुम्ही दोघींनी शिवणाच्या वर्गाला जायला हवं होतं,” वर्तमानपत्राआडून मुलगा म्हणाला.

“तू गप्प बस,” दोघी एकदम म्हणाल्या.

“तुझा आहे हे ठाऊक असतं तरी तीनच दिले असते,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“ते काय मला माहीत नाही? आणि तुमचा कागद कोणाकडे होता? माझ्याकडे! ‘पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवलेला पांढरा संगमरवर.’ ओळखला मी. नऊ दिले.”

“मग तो एक कसला कापलास?”

“दहा दिले असते तर तुम्हाला संशय आला असता.”

“म्हणजे चूक सापडली नाही?”

सून क्षणभर झाकण पुसत राहिली. “सापडली. तो संगमरवर नाहीच. गारगोटी आहे. धूळ पुसताना माझ्या हातून खिडकीच्या काचेवर घासला गेला, चरा उमटलाय. संगमरवराने काचेवर चरा उमटत नाही.”

मेट्रनबाई तडक आपल्या खोलीत गेल्या. चरा होता. त्यांनी दगड आणून रिकाम्या बरणीवर घासला. कर्र! दुसरा चरा. मग दगडावर व्हिनेगरचा थेंब सोडला. संगमरवर असता तर बारीक बुडबुडे आले असते. थेंब ढिम्म बसून राहिला. वर्षानुवर्षे उशाशी ठेवलेल्या दगडाचा त्यांनी निव्वळ रंग पाहिला होता.

“तुला ठाऊक होतं, आणि तू नऊ दिलेस!” हा आवाज शस्त्रक्रियागृहातला होता. मुलाने वर्तमानपत्र आणखी वर धरले.

“मग काय तीन देऊ? तीन देऊन याच घरात राहायचंय मला, आई!”

आजवर या घरात आपल्याला कोणी कोणी असे किती नऊ दिले असतील, या विचाराने मेट्रनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ते नऊ काप.”

“मी नाही कापणार.”

“मी सांगते म्हणून काप.”

“बघा! तेही तुम्ही सांगता म्हणूनच.”

सुनेने नळ सोडला आणि पातेले घासायला घेतले.

“बरं, सांगत नाही,” मेट्रनबाई अखेर म्हणाल्या. हे वाक्य त्यांना जड गेले. “तुला जे खरं वाटेल ते दे.”

“आणि माझे सहा कराल?”

“नाही.”

“वाटलंच होतं,” सून म्हणाली आणि तिने नळ बंद केला.

सोमवारी सून विद्यापीठात जाऊन कागद बदलून घेऊन आली. ‘कसोटी न घेताच नाव दिले आहे. काचेवर घासून पाहावे. वर्णन मात्र नेटके.’ गुण चार.

“चार? तीन का नाहीत?”

“एक नेटकेपणाचा. तो खरा आहे.”

मेट्रनबाईंनी तो शेरा पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द कापण्याजोगा नव्हता, आणि याचाही त्यांना राग आला. खाण हुकली होती. दोघींचीही.

त्या शनिवारी दोघी पुन्हा पहिल्या भागासाठी नाव घालायला विद्यापीठात गेल्या, तेव्हा फाटकाशी बस उभी होती. आत पिवळी शिरस्त्राणे घातलेला सगळा वर्ग. दगड जन्मात कधी घासून न पाहिलेले लोक हातोडे मांडीवर घेऊन बसले होते.

बस सुरू झाली तसे वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. “मेट्रनबाई! तुमच्यासाठी एखादा दगड आणू का?”

“दोन आणा,” मेट्रनबाई बसच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. “आणि खबरदार, त्यांचं नाव सांगाल तर!”